पेणला गेलेलं यंत्र

माझ्या हातून आयुष्यात एकाच माणसाचं वाटोळं झालं आणि ते मी ठरवून केलं. ओघात झालं, रागाच्या भरात झालं असं काही नाही. दीड वर्ष वाट बघून, एकेक कागद जमवून केलं.

बी.कॉम. झाले त्याच वर्षी मला रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती. औषधांना लागणारा कच्चा माल बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. आमचं गाव कासूजवळ, वडील भात आणि वाल पिकवायचे. घरात पगाराचं पाकीट आणणारी मी पहिली. कॉम्प्युटर यायचे होते, सगळे हिशेब हातानेच लिहायचे. ऑफिसात मी एकटीच बाई.

कारखान्याचे मालक दोन. साठ टक्के शेठचे, चाळीस टक्के त्यांच्या भागीदाराचे. भागीदार पूर्वी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पैसा, बँक, गिऱ्हाइकं हे शेठचं खातं. यंत्रं आणि माल मास्तरांचं. मी हिशेबाची असले तरी पहिल्याच महिन्यात मास्तरांनी मला प्लांटमध्ये नेलं. म्हणाले, "रजिस्टरात यंत्र लिहितेस, पण ते पाहिलंयस का कधी?"

मी पाहिलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून कारखान्यातली प्रत्येक वस्तू मोजली. पंप, मोटरी, टाक्या, सुकवणीची कपाटं. प्रत्येकाला नंबर दिला. मास्तर स्वतः हातोडी घेऊन तो लोखंडात ठोकायचे. समोर दिसेल असा एक, आणि दुसरा आडबाजूला, कुणी सहज बघणार नाही अशा जागी. दुसरा कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "पुढचा झिजतो." त्या दुसऱ्या नंबरांच्या जागा त्यांनी माझ्या वहीत लिहून घेतल्या. ती वही माझी होती, कंपनीची नव्हे. हे पुढे उपयोगी पडलं.

मी लागल्यावर तिसऱ्या वर्षी मास्तर गेले. प्लांटमध्ये उभे असतानाच छातीत कळ आली, जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. मूल नव्हतं. त्यांचा चाळीस टक्के हिस्सा त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या नावावर झाला आणि काकू हमरापूरला भावाकडे राहायला गेल्या. भावाचा गणपतीचा कारखाना होता. लग्नाआधी काकू तिथेच मूर्ती रंगवायच्या. त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला. वर्षातून एकदा सभेच्या कागदावर सही करायला त्या रोह्याला यायच्या, तेवढाच संबंध.

मास्तर गेले आणि सहा महिन्यांत शेठनी पेणला दुसरी कंपनी काढली. तीही औषधांच्या मालाचीच, पण शेड छोटी. तिचे मालक शेठ आणि शेठाणी. काकूंचा तिच्यात छदामही नव्हता. मग रोह्याची यंत्रं पेणला जायला लागली. आधी एक पंप गेला, मग दोन मोटरी, मग एक टाकी. मी चलन बनवायला घेतलं की शेठ हसायचे.

"अगं, घरातलीच भांडी ती. या चुलीवरून त्या चुलीवर गेली. त्याला कसली पावती करतेस?"

"शेठ, कंपन्या दोन आहेत."

"मालक एकच आहे ना?"

मालक एक नव्हता, हीच तर गोष्ट होती. रोह्यातून शंभर रुपयांचं यंत्र दहा रुपयांना पेणला गेलं, की शेठच्या साठातून जे जायचं ते पेणच्या शंभरात परत त्यांच्याकडेच यायचं. काकूंच्या चाळीसातून गेलं ते मात्र गेलंच. हे समजायला मला बी.कॉम.ची गरज नव्हती. एका कंपनीचं यंत्र दुसरीला द्यायचं, तर पहिलीच्या रजिस्टरात घसारा वजा जाऊन त्याची जी किंमत उरली असेल ती तरी दुसरीने द्यावी, निदान तिच्या नावे येणे म्हणून लिहावी. मालक एकच असला तर हे जास्तच काटेकोर पाळावं लागतं, कारण भाव करायला समोर परका माणूसच नसतो. हे मी एकदा शेठना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "लिही, भंगारात काढलं म्हणून लिही. मी सही करतो."

मी लिहिलं. एकदा नाही, चार वेळा लिहिलं. चालू मोटर भंगार म्हणून लिहिली आणि महिन्याच्या सात तारखेला पगार घेऊन कासूच्या गाडीत बसले. शेठचं वाईट सांगताना माझंही सांगायला हवं. तेव्हा काकूंना एक कार्ड टाकलं असतं तरी पुढचं बरंच टळलं असतं.

मग आलं सेंट्रिफ्यूज. ओल्या मालाला गरगर फिरवून त्यातला द्रव बाहेर फेकणारं यंत्र. तीन पायांवर झुलणारं मोठं पिंपच म्हणा. मास्तरांनी हयातीतच ते मागवलं होतं, बँकेचं कर्ज काढून. ते आलं तेव्हा मास्तर होते, त्यामुळे त्याच्यावरही दोन नंबर ठोकलेले. आमच्याकडची सगळ्यात महाग वस्तू ती, आणि बँकेकडे तारण.

त्या वर्षी होळीला मी चार दिवसांची रजा घेतली. रजेवर जाताना मी नेहमी गेटपासच्या पुस्तकातल्या पाच-सहा पानांवर आधीच सह्या करून ठेवायची, म्हणजे मी नसताना माल अडायला नको. शेठनीच तशी सवय लावली होती. परत आले तर सेंट्रिफ्यूजच्या जागी सिमेंटचा रिकामा ओटा. मी विचारलं. शेठ म्हणाले, "दुरुस्तीला पाठवलंय."

पंधरा दिवसांनी बँकेचा माणूस तपासणीला आला. हातात यादी. ओट्यापाशी उभा राहून त्याने विचारलं, "हे कुठाय?" मी म्हणणार होते, दुरुस्तीला. पण माझ्याआधी शेठ बोलले.

"साहेब, तेच तर सांगायचं होतं तुम्हाला. चोरी झालीय. आतल्याच माणसाने केलीय."

आणि त्यांनी खिशातून गेटपास काढला. यंत्र भंगारवाल्याला दिल्याचं त्यावर लिहिलं होतं. अक्षर माझं नव्हतं. खाली सही माझी होती.

नंतर कितीतरी वेळा मी मनात त्या ओट्यापाशी उभी राहून फडाफडा बोलले आहे, पण त्या दिवशी नुसती उभी राहिले. दुपारी पोलीस ठाण्यात तक्रार गेली. तीन दिवस मला रोज बोलावून बाकावर बसवून ठेवलं. भंगारवाला सापडेना, कारण तो नव्हताच. मला अटक झाली नाही, पण सुटकाही झाली नाही. चौकशी चालू आहे, एवढंच सांगायचे. नोकरी तिथेच संपली. रोह्याच्या बाजारात ज्या दुकानदाराकडून मी चार वर्षं घरचं सामान नेत होते, त्याने मी आत शिरताच गल्ल्यावर हात ठेवला.

एवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. बायका बसतात. पण माझे वडील मला न सांगता शेठकडे गेले.

जाताना पाच किलो कडवे वाल नेले होते, आमच्या शेतातले, निवडलेले. त्यांना वाटलं, शेठ मोठा माणूस आहे, हात जोडले की ऐकेल. शेठनी त्यांना केबिनच्या दाराबाहेर फरशीवर बसवलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. दहा वाजता बसवलेले, दोन वाजता शिफ्ट सुटली तेव्हा केबिनचं दार उघडलं. जाणारे-येणारे सगळे कामगार थांबून बघत होते. शेठ म्हणाले, "पोरीला चोरी शिकवलीस आणि आता पाया पडायला आलास?" आणि वालाची पिशवी वॉचमनकडे टाकून म्हणाले, "हे घे. भंगारात टाक."

हे मला वडिलांनी सांगितलं नाही. तिथल्या एका कामगाराने सांगितलं. वडील घरी येऊन नेहमीसारखे बैलांना पाणी दाखवायला गेले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जाऊ दे गो. मोठी मानसं."

त्या दिवशी मी ठरवलं. वाक्य मोठं वाटेल, पण अगदी असंच झालं. पितळेच्या डब्यातून मी माझी जुनी वही काढली, सेंट्रिफ्यूजचा नंबर बघितला आणि दुसऱ्या नंबरची जागा बघितली. भिंतीकडचा पाय, आतली बाजू, तळापासून वीतभर वर.

दुसऱ्या दिवशी हमरापूरला काकूंकडे गेले. कारखान्यात ओळीने पांढऱ्या मूर्ती मांडलेल्या, काकू एका मूर्तीच्या सोंडेवर हात फिरवत बसलेल्या. मला बघून त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"तूच ना गो ती? माझ्या घरधन्याचं यंत्र विकलंस ती?"

"काकू, ते विकलेलं नाय. ते पेणला हाय. माझं ऐकून घ्या, मग हाकला."

त्यांनी बसायला सांगितलं नाही. मी उभ्याने सगळं सांगितलं, त्या चार भंगाराच्या नोंदींसकट. ते ऐकताना त्यांचा चेहरा कडक झाला. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे चोर तो, आणि चार येळा तू त्याची पिशवी धरलीस."

"व्हय."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. मग पाट सरकवला.

यंत्र पेणला आहे हा माझा अंदाज होता, खात्री नव्हती. ती एका बाईने दिली. पेणच्या शेडमध्ये पॅकिंगला जाणारी, कासूच्या शेजारच्या वाडीतली. मी काकूंकडे जायला लागले तेव्हा ती रोज माझ्याच गाडीत असायची. नवरा दारूत गेलेला, दोन मुली. आधी पापड लाटायची, शेडमध्ये पगारी नोकरी लागली म्हणून खूश होती. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे नवीन काय आलं? ती म्हणाली, "हिरवा मोठा मशीन आलाय. गरगर फिरतो. नवा सांगतात, पन त्याला जुन्या मालाचा वास मारतो."

"त्याच्या भिंतीकडच्या पायाला आतून काही आकडे आहेत का, बघशील?"

"बघीन की. कशाला गो?"

"सहज. मी असली मशीनं लिहायची ना पूर्वी."

तिने बघितलं. झाडू मारताना खाली वाकून बोटाने चाचपलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत मला आकडे सांगितले. शेवटचे दोन तिला नीट लागले नव्हते, पण पहिले तीन बरोबर होते. दर्शनी नंबर शेठनी घासून काढला होता, आतला त्यांना माहीतच नव्हता. मी त्या बाईला खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने बघितलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

काकू म्हणाल्या, "चल आत्ता पोलिसात."

मी म्हणाले, "थांबा. अजून तो नुसता तोंडाने खोटं बोललाय. उद्या म्हणेल, चुकून गेलं, घरातलीच भांडी. त्याला कागदावर सही करू दे."

"कसल्या कागदावर?"

"यंत्र बँकेचं तारण होतं. चोरीला गेलं म्हटल्यावर त्याला विम्याचे पैसे मागावेच लागतील. पोलिसांत माझं नाव त्याने उगीच नाही दिलं. तक्रारीशिवाय विमा मिळत नाही. आणि पेणच्या वह्यांत ते यंत्र नवीन विकत घेतलं म्हणून दाखवावं लागेल, नाहीतर त्याच्यावर घसारा कसा घेणार? एकच यंत्र, इकडे चोरीला गेलेलं आणि तिकडे नवं घेतलेलं. दोन्हीवर सही त्याचीच. ती होऊ दे."

काकू म्हणाल्या, "तू लई वाईट हायेस गो." पण त्या थांबल्या.

ते वर्ष मी त्यांच्याच कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारत काढलं. पांढरी भुकटी नाकातोंडात जायची. गावात लोक म्हणायचे, चोरटीला देवाने मूर्ती घासायला बसवली. मी ऐकून घ्यायची. आतून मला एक प्रकारचं सुख होत असे. पेणच्या त्या शेडमध्ये शेठ स्वतःच्या हाताने खड्डा खणतोय आणि कुदळ जितकी खोल जाईल तितकं बरं, असं वाटायचं. वडील म्हणायचे, "इसर आता." मी हो म्हणायची.

वर्ष संपलं. रोह्याच्या कंपनीचे वार्षिक हिशेब काकूंच्या पत्त्यावर आले. भागधारक म्हणून तो त्यांचा हक्कच होता. त्या दिवशी गौरींच्या मुखवट्यांचे डोळे रंगवणं चाललं होतं. मी हात पुसून पाकीट फोडलं. चौथ्या पानावर होतं. चोरीस गेलेल्या यंत्राबद्दल विमा कंपनीकडून येणे. खाली शेठची सही, लफ्फेदार.

मला हसू आलं, आणि ते थांबेना. काकूंच्या भावाने पाणी आणून दिलं.

काकूंनी विमा कंपनीला आणि बँकेला एकाच दिवशी पत्रं टाकली. मजकूर माझा, सही त्यांची. विमा कंपनीने दाव्याची रक्कम अजून दिली नव्हती. तीन आठवड्यांनी त्यांचा सर्व्हेअर पेणच्या स्टेशनावर उतरला, काकू आणि मी त्याला घ्यायला गेलो होतो. किरकोळ, चष्मेवाला, कमी बोलणारा माणूस. रिक्षात बसताना एवढंच म्हणाला, "तुमचं चुकलं तर तुमच्यावरच उलटेल."

सकाळचे अकरा वाजले होते. शेठ शेडमध्येच होते. मला बघून त्यांच्या कपाळावर आठी आली, पण काकूंना बघून ते हसले.

"या वहिनी, या. आधी कळवायचं तरी. चहा सांगू?"

सर्व्हेअरने ओळखपत्र दाखवलं आणि सरळ सेंट्रिफ्यूजपाशी गेला. हिरवंगार, चकचकीत.

शेठ म्हणाले, "हे पेणच्या कंपनीचं आहे. नवीन घेतलंय. बिल आहे माझ्याकडे, दाखवतो." आणि खरोखरच त्यांनी बिल आणून दाखवलं. सर्व्हेअरने ते वाचलं आणि परत न देता फाइलमध्ये ठेवलं. ते बघून मला फार बरं वाटलं.

काकू यंत्राजवळ गेल्या. त्यांनी पिशवीतून रंग खरवडायची पत्ती काढली, मूर्तीवरचा बिघडलेला रंग काढायला वापरतात ती. शेठ पुढे झाले. "वहिनी, काय करताय?"

"रंग बघते. मना दुसरा काय कळतंय?"

झाकणाच्या कडेला त्यांनी बोटभर जागा खरवडली. हिरव्याखाली राखाडी निघाला. नखाने चाचपून म्हणाल्या, "यावर दोन हात हायेत. खालचा जुना. नव्या यंत्राला कुनी दोन रंग देत नाय."

"कारखान्यातूनच तसं आलंय," शेठ म्हणाले. आवाज चढला होता. पॅकिंगच्या बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. ती गाडीतली बाईही त्यांच्यात होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं.

मी ओल्या फरशीवर आडवी झाले. नवी साडी नेसले होते, मुद्दाम. ती त्या घाण पाण्यात भिजली. पायामागे डोकं घालून टॉर्च मारला. हिरवा रंग तिथेही फासला होता, पण ठोकलेले आकडे रंगाने बुजत नाहीत. आधी सर्व्हेअरला म्हणाले, "तुमच्याकडच्या जुन्या यादीतला नंबर बघा." मग एकेक आकडा मोठ्याने वाचला. शेवटचे दोनही.

सर्व्हेअर स्वतः गुडघ्यावर बसून बघून आला. चष्मा पुसला. शेठना म्हणाला, "दाव्याच्या कागदावरची सही तुमचीच ना?"

शेठनी यंत्राकडे बघितलं. मग ते म्हणाले, "साहेब, एकाच घरातली भांडी आहेत हो." सर्व्हेअरला त्याचा अर्थ समजला नाही. मला समजला. मी साडी पिळत उभी होते आणि मला त्या माणसाची तसूभरही दया आली नाही.

त्यानंतर सगळं भराभर घडलं. विम्याचा दावा फेटाळला गेला आणि खोट्या दाव्याची तक्रार झाली. तारण हलवलं म्हणून बँकेने दोन्ही कंपन्यांचं कर्ज परत मागितलं. पेणच्या शेडला कुलूप लागलं. शेठनी वकील केले, ओळखीपाळखीचे लोक मध्ये घातले, शेवटी काकूंच्या भावाच्या दारात येऊन बसले. तडजोड झाली. शेठनी रोह्याचा आपला हिस्सा काकूंच्या नावावर करायचा, बँकेचं काकू बघतील, आणि काकू आपल्याकडून आणखी तक्रार करणार नाहीत.

कागदावर सह्या व्हायच्या आधी काकूंनी मला विचारलं, "तुला काय पायजे?"

मी म्हणाले, "कोऱ्या गेटपासवर माझी सही त्यांनी वापरली, असं पत्र. पोलिसांना आणि मला. आणि ते त्यांनी रोह्याच्या गेटवर वाचून दाखवायचं. दोन वाजता, शिफ्ट सुटताना. मॅनेजरने नाही. त्यांनी."

"लई मागतेस," काकूंचा भाऊ म्हणाला.

"मग राहू दे. तडजोडीची सहीही राहू दे."

शेठ आले. पत्र घेऊन गेटवर उभे राहिले. सुटलेली शिफ्ट आणि येणारी शिफ्ट मिळून शंभरेक माणसं होती. वडिलांनी यावं म्हणून मी दोन दिवस मागे लागले होते. ते आले नाहीत. म्हणाले, "वालाच्या शेंगा तोडायच्या हायेत. तुमचं चालू दे." त्याचा मला तेव्हा राग आला.

शेठनी वाचायला सुरुवात केली, अगदी खालच्या आवाजात. मी म्हणाले, "ऐकू येत नाही शेठ. मोठ्याने."

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या नावापाशी आले तेव्हा पुन्हा आवाज पडला.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तिसऱ्यांदा त्यांनी सगळं वाचलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं लोक हसतील. लोकांनी माना खाली घातल्या आणि डबे घेऊन निघून गेले. एक म्हातारा ऑपरेटर माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "बास ना आता, बाय." पण मला तेव्हा कशाचंच वाईट वाटत नव्हतं. त्या संध्याकाळी गाडीत खिडकीशी बसून मी ते पत्र सात-आठ वेळा वाचलं.

काकूंनी रोह्याचा कारखाना चालवला आणि मला पुन्हा हिशेबाला बसवलं. पेणचं उरलंसुरलं सामान लिलावाआधी आम्ही सोडवून आणलं. पेणच्या बावीस माणसांपैकी सहांना आम्ही रोह्याला घेतलं. बाकीच्यांना घेण्याइतकं काम नव्हतं. त्या पॅकिंगवाल्या बाईला मी निरोप पाठवला, ती आली नाही. मग मी स्वतः गेले. पेणला एका पापडवाल्यांच्या पडवीत ती लाटायला बसली होती. पुन्हा तेच काम, नगावर पैसे.

"रोह्याला ये ना. पगारी काम आहे."

तिने लाटणं थांबवलं नाही. "मना इचारलास तेव्हा सांगायचास ना गो, कशाला इचारतेस ते."

"सांगितलं असतं तर तू बघितलं नसतंस."

"व्हय. नसताच बघितला." तिने पापड उचलून ताटावर टाकला. "माजी पोर सातवीतशी काढली. जा तू आता. पीठ सुकतंय."

तिने वर बघितलं नाही. शेठचं जे झालं त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. या बाईचा आहे. पण ते दोन वेगवेगळे करता येतात का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. शेडला कुलूप लागणार हे मला आधीच दिसत होतं, आणि ते दिसत असूनही मी फरशीवर आडवी झाले होते.

शेठनी रोह्यातलं घर विकलं. मुंबईला मुलाकडे गेले असं ऐकलं. मग बऱ्याच वर्षांनी एकदा कामासाठी मी माणगावला निघाले होते. एसटी कोलाडला चहासाठी थांबली. हायवेच्या कडेच्या हॉटेलात शेठ बसले होते. एकटेच. पुढ्यात मिसळीची बशी, हातात पाव. केस पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं. त्यांनीही ओळखलं.

मी तोंड फिरवून जाऊ शकले असते. पण उलट त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. बसले नाही.

"बऱ्या आहात?" त्यांनी विचारलं. पूर्वी ते मला अगं-तुगं करायचे.

"बरी आहे."

"वडील?"

"आहेत. शेतात जातात अजून."

त्यांनी मान हलवली. पावाचा तुकडा बशीतच ठेवला. बाहेर कंडक्टर घंटी वाजवत होता. ते म्हणाले, "एक विचारू? मी सगळं दिलं तुम्हाला. कंपनी दिली, गेटवर उभा राहिलो. आता तरी पुरे झालं का?"

मला वाटतं ते खरंच विचारत होते.

मी म्हणाले, "नाही."

आणि जाऊन एसटीत बसले. खरं म्हणजे पुरं झालं होतं, केव्हाच. पण ते त्यांना कळू द्यायची माझी तयारी नव्हती.